अपेक्षित उत्तर: भिलाई

हसा वो हसा, पण माझा परीक्षेचा पाठ पोरांच्या वांडपणानं नाही, त्यांच्या खरेपणानं बिघडला.

भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. मी मास्तरीण व्हायची ट्रेनिंग करत होती. पाठ होता 'आपलं गाव'. नियम असा, का गावाचं नाव आपण सांगायचं नाही, प्रश्न विचारून पोरांच्याच तोंडून काढायचं. मी पाठाच्या वहीत लिवलं होतं: प्रश्न, तुमचं गाव कोणतं? अपेक्षित उत्तर, भिलाई.

मागच्या बाकावर परीक्षक बसले होते. पहिल्या पोराले विचारलं, तं तो म्हणे, "पालघाट." दुसरा म्हणे, "जालंधर." तिसरी म्हणे, "बालाघाट." बाप कामावर आले, पण पोरांचं गाव मागंच राह्यलं होतं! मंग इथल्याच एका पोरीकडे वळली. म्हटलं, हे तरी भिलाई म्हणन.

तं पोरगी म्हणते, "हमर गाँव तो टूट गे, दीदी. उहाँ अब भट्ठी बनत हे."

फळा कोरा, अन् घंटा वाजली.

बाहेर आल्यावर परीक्षक तापले. "सब भिलाई में रहते हैं, और आप एक के भी मुँह से भिलाई नहीं निकलवा सकीं?"

मंग त्यायनं मार्कांचा कागद काढला, माझं नाव लिवलं अन् वर न पाहताच विचारलं, "आपका गाँव?"

मी म्हटलं, "गोंदिया."