सातव्या विहारानंतर व्हॅन का थांबली नाही

ठिकाण: अयुथ्या, पोलीस ठाणे. बौद्ध संवत २५६१, मार्च महिना.

जबाब देणार: थविन चानखाम, वय ७३ वर्षे, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा पूर्वी भाताच्या गिरणीत राखणदार, सध्या काही नाही, राहणार जुन्या बाजारामागची गल्ली, नाखोन पाथोम.

मी वरीलप्रमाणे राहणारा असून आज आपल्या पायांनी ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावले नव्हते. आलो तेव्हा साहेब जेवत होते म्हणून बाहेर थांबलो. विचारलेवरून समक्ष सांगतो की,

मी घरात एकटा राहतो. माझ्या कुंपणाला लागून लामचियाक नावाची बाई राहत होती, वय ६८. तिचा नवरा वारलेला. ती केळीच्या पानात नारळाची मिठाई करून बाजारात विकत असे. तिचा मुलगा विरोत बँकॉकमध्ये लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. ती मला दादा म्हणत असे. आमच्यात रक्ताचे नाते नाही. माझी बायको गेल्यापासून ती रोज संध्याकाळी कुंपणावरून एक वाटी कालवण देत असे. साहेबांनी विचारले म्हणून सांगतो, याशिवाय आमच्यात काही नव्हते.

गेल्या पावसाळ्यात लामचियाकला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली होती. ती इस्पितळात असताना मी आमच्या गावच्या मोठ्या स्तूपापाशी उभ्या बुद्धमूर्तीसमोर नवस केला. ती चालत घरी आली तर तिला एका दिवसात नऊ विहारांचे दर्शन घडवीन, असा तो नवस होता. ती चालत घरी आली. नवसाचे मी कोणाला सांगितले नाही, तिलाही नाही. नवस अर्धा ठेवला तर दिलेले परत घेतले जाते असे आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. खरे असो वा खोटे, माझी झोप तेव्हापासून गेली होती.

म्हणून अयुथ्याच्या नऊ विहारांची एका दिवसाची सहल आहे असे कळल्यावर मी गल्लीतली माणसे जमवली. सगळे म्हातारेच. लामचियाक यायला तयार नव्हती. ती म्हणाली, "दादा, एवढ्या उन्हात कशाला? मी घरी बसून हात जोडीन की." मी म्हणालो, "घरी जोडलेल्या हातांचं पुण्य घरातच फिरतं." ती हसली आणि म्हणाली, "बरं बाई, तुमचं पुण्य वाया जायला नको." असे म्हणून ती आली. तिला मी आणले हे लिहून घ्यावे.

व्हॅनमध्ये कंपनीची गाइड होती. तिचे नाव चुतिकान, पण सगळे फाय म्हणतात. वय पंचवीसच्या आसपास असेल. मुलगी बोलकी आहे. निघाल्यावर माइक घेऊन ती म्हणाली, "आजी-आजोबांनो, विहार नऊ करू, पण लघवीला दहा वेळा थांबू. कोणी लाजायचं नाही. राजे लोकसुद्धा हत्तीवरून उतरायचेच." आमच्या गल्लीतला सांगुआन न्हावी म्हणाला, "पोरी, मला नऊ पुरत नाहीत, माझी पापं जुनी आहेत. थविनला मात्र एक विहार रग्गड झाला. जन्मात त्यानं काही केलंच नाही!" सगळे हसले. लामचियाक सर्वांत जास्त हसली. हे तपासाच्या कामाचे नसेल तर खोडावे.

फाय प्रत्येक ठिकाणी जुन्या राजधानीची माहिती सांगत होती. कोणत्या राजाने कोणता स्तूप बांधला, ब्रह्मी सैन्याने काय जाळले, कोणत्या मूर्तींची मुंडकी गेली, असे सगळे. मी त्यातले फार ऐकले नाही. मी विहार मोजत होतो. दुपारी नदीकाठी शेवया खायला बसलो. लामचियाकने वाटीतले अर्धे माझ्या वाटीत घातले. भूक नाही म्हणाली. उन्हामुळे असेल असे मला वाटले.

सातव्या विहाराच्या पायऱ्या विटांच्या आहेत आणि तापल्या होत्या. दर्शन घेऊन खाली आल्यावर लामचियाक चिंचेखालच्या बाकावर बसली. तिच्या डाव्या पायात चप्पल जाईना. मी खाली बसून तिचा पाय धरला आणि चप्पल घातली. सांगुआन ओरडला, "अरे बघा बघा! मूर्तीचे पाय सोडून थविन कोणाचे पाय धरतोय ते!" लामचियाक हसली. ती तोंडाच्या एकाच बाजूने हसली असे मला दिसले. ते मी कोणाला सांगितले नाही.

फाय धावत आली. तिने लामचियाकच्या नाकाशी कापराची नळी धरली, पाणी पाजले. पाणी हनुवटीवरून ओघळले. फाय म्हणाली, "मावशी, बरं वाटत नाही का? आपण सहल इथेच थांबवू या." लामचियाक म्हणाली, "नको गं. माझ्यामुळे कोणाचं अडायला नको." आमच्या लोकांत कोणीही असेच म्हणते. त्यानंतर पुढे जायचे ठरले.

साहेबांनी विचारले, कोणी ठरवले? मी म्हणालो, सगळ्यांनी. साहेबांनी पेन खाली ठेवले आणि पुन्हा विचारले.

मी ठरवले. फायने मला बाजूला घेतले होते. ती म्हणाली, "काका, मला हे बरं दिसत नाही. इस्पितळ वाटेवरच आहे. बाकीच्यांना मी समजावते. तुम्ही मावशींचे कोण?" मी म्हणालो, "सख्खा थोरला भाऊ." दिवसभर तिने लामचियाकला मला दादा म्हणताना ऐकले होते, त्यामुळे तिला ते खरे वाटले. मी म्हणालो, "हिला गाडी लागते. लहानपणापासून अशीच आहे. मला ठाऊक नाही तर कोणाला?" लामचियाक लहान असताना मी तिला पाहिलेलेही नाही.

आठव्या विहारात लामचियाक उतरली नाही. ड्रायव्हरने गार हवा चालू ठेवली. मी दोन कमळे घेऊन आत गेलो, एक तिचे. परत आलो तेव्हा तिने विचारले, "राहिले किती?" मी म्हणालो, "एकच." ती म्हणाली, "मग उरकून घ्या, दादा." तिचे शब्द जड येत होते. पुढच्या सीटवरून सांगुआनने वळून विचारले, "ही अशी काय बोलतेय?" मी म्हणालो, "कवळी काढून ठेवलीय." कवळी तिच्या तोंडातच होती.

नवव्या विहाराकडे जाताना फाय माझ्या सीटजवळ येऊन वाकली आणि म्हणाली, "काका, राग मानू नका. इस्पितळाचं वळण आता येतंय. नुसतं दाखवून घेऊ." त्या वेळी मी मोठ्याने बोललो. सगळ्यांनी ऐकले. मी म्हणालो, "घरच्या माणसाला विचारलंस ना? त्यानं सांगितलं ना? मग तू जास्त शहाणी का?" फायने हात जोडून माफी मागितली. वळण मागे गेले. आमच्यात वडील माणसाने चारचौघांत असे बोलल्यावर तेवढ्या वयाची मुलगी पुढे बोलत नाही. हे मला माहीत होते.

नवव्या विहारात मी सोन्याचा वर्ख घेतला आणि लामचियाकच्या नावाने मूर्तीला लावला. आमच्याकडे आपले जिथे दुखते तिथे मूर्तीला वर्ख लावतात. मी मूर्तीच्या डाव्या हाताला लावला आणि डाव्या पायाला लावला. उरलेला तुकडा गालाला लावला. नवस पुरा झाला असे मोठ्याने म्हटले. बाकीचे परत गेले तरी मी तिथेच होतो. मला फार बरे वाटत होते.

साहेबांनी विचारले, डावीच बाजू का? मी प्यायला पाणी मागितले. मला पाणी दिले. मग मी सांगितले की तिला काय होते आहे हे मला सातव्या विहारापासून माहीत होते. मागच्या वेळीही असेच सुरू झाले होते. नवस फिटला की थांबेल असे मला वाटले. थांबलो असतो तर तो अर्धा राहिला असता आणि ती गेली असती, असे वाटले. तिच्यासाठीच चालले होते.

बाहेर आलो तेव्हा फायने लामचियाकचे डोके मांडीवर घेतले होते आणि ड्रायव्हरला गाडी सुरू करायला लावली होती. ती मला म्हणाली, "काका, पळा!" इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, हे कधीपासून? फायने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, आत्ताच. दिवेलागणीच्या आधी लामचियाक वारली.

तिचा मुलगा विरोत बँकॉकहून आला तेव्हा उशीर झाला होता. तो मला मामा म्हणतो. त्याने माझे दोन्ही दंड धरून विचारले, "मामा, तुम्ही होतात ना तिथे? मग कोणी थांबवलं कसं नाही?" मी म्हणालो, "ती पोरगी घाई करत होती. नऊ पुरे करायचेत, वेळ नाही म्हणाली." सांगुआन जवळच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो पाणी आणायला म्हणून निघून गेला. बाकीचेही काही बोलले नाहीत. ज्याची आई आत्ताच गेली त्याच्यासमोर कोण कोणाला खोटे पाडणार?

त्यावरून विरोतने फायविरुद्ध तक्रार दिली. तिचा गाइडचा परवाना अडकवून ठेवला आहे आणि निष्काळजीपणाने मरणास कारण झाल्याचा गुन्हा तिच्यावर लावणार आहेत, असे मला गल्लीत समजले.

प्रेत आमच्या गल्लीजवळच्या विहारात ठेवले आहे. रोज संध्याकाळी भंते पठण करतात. काल पठणाच्या आधी फाय फुलांचे चक्र घेऊन आली. विरोतने ते तिच्या हातातून घेऊन दाराबाहेर ठेवले आणि म्हणाला, "आता वेळ मिळाला वाटतं तुला?" ती परत जायला वळली तेव्हा मी मांडवाच्या खांबाशी बसलो होतो. आता ही सगळ्यांसमोर बोलणार असे मला वाटले. तिने मला हात जोडले आणि विचारले, "काका, जेवलात का? त्या दिवशीसुद्धा तुमची वाटी तशीच राहिली होती."

मी जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो.

साहेबांनी आता मला सांगितले की तिच्या जबाबात 'नातेवाइकांनी पुढे चलायला सांगितले' एवढेच आहे, माझे नाव नाही. का नाही असे मी विचारले. साहेब म्हणाले, "ती म्हणते, म्हाताऱ्याची बहीण गेलीय, त्यात आणखी कशाला?"

तरी माझे म्हणणे असे की गाइड चुतिकान हिने दोनदा इस्पितळात जायला सांगितले आणि दोन्ही वेळा मी तिला अडवले. मी लामचियाकचा भाऊ नाही. मी तिच्या मुलाला खोटे सांगितले. मुलीचा यात काही दोष नाही. तिचा परवाना तिला परत मिळावा.

माझी एकच विनंती आहे. विरोतला हे कागदावरून कळू नये. आज संध्याकाळी पठण आहे. मी तिथे जाऊन त्याला स्वतः सांगतो. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी तक्रारदाराला इथे बोलावणारच आहोत. तुमच्याकडे आजचीच संध्याकाळ आहे, आजोबा." सांगताना तो मला मारेल का, असे मी विचारले. ते आपण सांगू शकत नाही असे साहेब म्हणाले. सोबत शिपाई देऊ का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो.

मला वाचायला वेळ लागतो म्हणून वरील सर्व जबाब मला सावकाश वाचून दाखवला. माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे. यात काही कमी करायचे आहे का असे विचारले असता मी नाही म्हणालो, आणि नाखोन पाथोमची बस किती वाजता आहे ते विचारून सही केली.

सही: थविन चानखाम
समक्ष: ठाणे अंमलदार