सहस्रकुंडचा खडक

भूकंपानंतरच्या पावसाळ्यात ट्यूशनला सुट्टी मिळाली, म्हणून आम्ही इस्लापूरजवळचा सहस्रकुंडचा धबधबा बघायला गेलो, तेव्हाचं सांगते. त्या दिवसांत लातूरच्या आमच्या घरासमोरून ट्रक गेला तरी आई मला ओढत अंगणात पळायची.

धबधब्याजवळच्या खडकावर आम्ही चपला काढून उभे राहिलो. पाण्याच्या दणक्यानं खडक तळव्यांखाली थरथरत होता. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"हालून राहिलंय. चला, भाईर पळा."

बाबा हसले. "अगं, भाईरच हाव की आपण."

आईनं चहूकडं पाहिलं. मग माझं मनगट न सोडता तिनं बाबांना विचारलं, "मग आता कुठं पळायचं?"