पंपाची चिठ्ठी

भरतीच्या मेडिकलआधी चाकणच्या अकॅडमीतली सगळी पोरं मला एकच सांगत होती, लहानपणीच्या दम्याचं नाव काढू नकोस. पण राव, फाइल आईने भरली होती, आणि आई एकही केसपेपर टाकत नाही. डॉक्टरांनी फाइल उघडली, तर सगळ्यात वर पंपाची चिठ्ठी.

"दमा होता?"

"होता सर. सातवीपर्यंत."

त्यांनी सगळे कागद चाळले. शेवटच्यावर लिहिलं होतं, 'पंप बंद.' मग त्यांनी मला फुंकायच्या मशीनसमोर बसवलं. मी गावच्या जत्रेत तुतारी वाजवणारा, फुंकतच राहिलो.

"बास," डॉक्टर म्हणाले. "फिट."

घरी आल्यावर आईच्या हातात फिटचा कागद दिला. तिने तो दोनदा वाचला.

"लाव फाइलीत," म्हणाली, "पंपाच्या चिठ्ठीवर."