पहिल्या जागेवरची चिठ्ठी

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावर विराजमान विद्यापीठाचे पाहुणे, केंद्राच्या सल्लागार समितीतले माझे सहकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते प्राध्यापक हरिश्चंद्र रावराणे सर, केंद्राचे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मासळीबाजारातल्या बायांनो,

पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. तुम्ही येऊन बसणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगायचं काम केलं.

माझं नाव दत्ताराम. बंदरावर मला भाई म्हणतात. शिक्षण सातवी नापास, धंदा बर्फाचा. सातवी नापास माणसाला विद्यापीठाने सल्लागार नेमलं, तेव्हा आमच्या घरच्यांना वाटलं की टपालाचा पत्ता चुकला. पण बर्फाच्या कारखान्याने मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे ऐकणं. काँप्रेसरचा आवाज जरा बदलला की मी जेवणावरून उठतो. मशीन बंद पडण्याआधी बोलतं. माणसंही बोलतात. ऐकायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं.

दोन हजार सहा साली सर वैभववाडीहून समन्वयक म्हणून इथे आले आणि विद्यापीठाचं हे नवीन केंद्र सुरू झालं. विद्यार्थी उद्योग व समाज समावेशन केंद्र. नाव एवढं लांब की रंगाऱ्याने पाटीवर ‘समावेशन’ दुसऱ्या ओळीत ढकललं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी केंद्राची कामं सांगितली. मुलींनी कोकमाच्या बियांपासून मुठेल, म्हणजे घट्ट तेल, काढून विकलं, मुलांनी काथ्याचे दोर वळले. सगळं खरं आहे. पण तीन भाषणं झाली आणि मासळीबाजाराचं नाव कुणी घेतलं नाही. निरोपाच्या दिवशी वाईट बोलू नये, हा शिष्टाचार मलाही कळतो. मग सर इथून का चालले आहेत, ते कुणी बोलायचं? पुढच्या महिन्यात केंद्राची पाटी का उतरते आहे?

नवीन मासळीबाजाराची इमारत ही केंद्राची सगळ्यात मोठी कल्पना. डोक्यावर पत्रा, पाण्याचा नळ, फरशीचे चोवीस ओटे. वर्षानुवर्षं रस्त्याकडेला उकिडव्या बसणाऱ्या बायांना छप्पर मिळावं आणि बाहेरच्या गावांतून येणाऱ्या, कोपऱ्यात कशाबशा टेकणाऱ्या चारपाचजणींनाही हक्काची जागा मिळावी, ही सरांची इच्छा. यात खोट काढायला काय आहे?

दोडामार्गची एक विद्यार्थिनी होती, दिव्या. आज ती इथे नाही, गोव्यात नोकरीला आहे. तिने महिनाभर बाजारात बसून एक तक्ता काढला, कोण कुठे बसते त्याचा. समितीत तो पसरून ती म्हणाली, “यांच्या जागा ठरलेल्या आहेत. सासूची सुनेला जाते. पहिली जागा तुळसा तांडेल यांची. त्या पहिला दर बोलतात, मग बाकीच्या तोंड उघडतात.”

सर म्हणाले, “मग आधी या बायांनाच विचारू. थोडे दिवस जातील.”

मी काय म्हणालो, ते आज सांगायला उभा आहे. मी म्हणालो, “सर, बायकांना विचारत बसलात तर पुढची नारळी पौर्णिमा येईल. चिठ्ठ्या टाका. जिला जो नंबर लागेल तो तिचा. सगळ्या समान, तक्रारीला जागा नाही.” त्या पोरीला मी वर असंही म्हणालो, “बाळ, बाजार तक्त्यावर चालत नाही.”

मला घाई होती. श्रावणात होड्या समुद्रात जाणार होत्या आणि त्या इमारतीत बर्फाची पेटी माझी बसायची होती. हे समितीत मी बोललो नाही. चिठ्ठ्यांची कल्पना सगळ्यांना आवडली. ‘समान’ हा शब्द फार सोयीचा असतो.

उद्घाटनाला स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. एक नंबर लागला संचिताला. लग्न होऊन चार महिने झालेली मुलगी, बांगडा आणि पेडवा शेजारी ठेवले तर ओळखताना अडखळणारी. तुळसामावशीला लागला एकोणीस, मागच्या भिंतीला.

संचिता रडवेली झाली. म्हणाली, “आजये, तू बस हंय. माका मागे चलता.”

तुळसामावशीने मासळीची पाटी उचलली. “चिठी तुझ्या नावाची आसा गो बाये. मी बसलंय तर लोक म्हणतले, तुळशेन नातीच्या वयाच्या चेडवाची जागा खाल्ल्यान.”

मी पुढे होऊन म्हटलं, “मावशे, जागा सगळ्यो सारख्योच.”

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “भाई, तुझो बर्फ आणि तुझी जीभ, दोनय निसरडी.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फ घेऊन बाजारात गेलो आणि दारातच थांबलो. चोवीस बाया, समोर गिऱ्हाईक, पाट्यांत ताजी मासळी आणि आवाज नाही. बंदरावर जन्म काढला, मासळीबाजार मुका कधी ऐकला नव्हता. पहिला दर कुणी बोलायचा? एक नंबरवरची संचिता मान खाली घालून बसलेली. तिच्या तोंडून शब्द निघेना आणि तिच्याआधी बोलायला बाकीच्या धजेनात. गिऱ्हाईक दर विचारी, बाया एकमेकींकडे बघत. काँप्रेसरचा असा आवाज झाला असता तर मी तिथल्या तिथे मशीन उघडलं असतं. मी पेटीत बर्फ भरला आणि घरी गेलो.

पंधरा दिवसांत बाया परत रस्त्यावर येऊन बसल्या, आपापल्या जुन्या शेजारणींना धरून. इमारतीत आता जाळी ठेवतात. बाहेर विजेच्या खांबाजवळची पहिली जागा त्यांनी तुळसामावशीसाठी मोकळी ठेवली आणि संचिता तिला बोलवायला घरी गेली. म्हातारी म्हणाली, “माका मागच्या भिंतीक देवान नाय लावल्यान, माणसांनी लावल्यानी. आता बोलावलास म्हणान येव? पाटी आसा, पाय आसत. मी दारोदार विकतंय.”

सत्तर वर्षांची बाई. सव्वा वर्ष डोक्यावर पाटी घेऊन फिरली. गेल्या कार्तिकात देवळाच्या घाटीवर पाय घसरला, खुबा मोडला, ती खाटेवर पडली.

मी बघायला गेलो. “बस रे भाई,” म्हणाली. मग विचारलं, “पयल्या जाग्यार कोण बसता?”

“कोणच नाय.”

“बरा.” मग म्हणाली, “एक सांग. ती चिठ्यांची अक्कल कोणाची?”

मंडळी, अशा वेळी खरं बोलायला कितीसा वेळ लागतो? खोलीत ती, मी आणि कोपऱ्यात तिची रिकामी पाटी. मी म्हणालो, “विद्यापीठाची गो. त्या सरांची.”

“शिकलेल्या माणसाक विचारूचा कळला नाय,” एवढंच ती बोलली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

मार्गशीर्षात ती गेली. मातीला सगळे आलो. तिच्या मुलाने सरांना अंगणातच अडवलं. “सर, तुमी उंबऱ्याच्या भायर रवा.” सर उन्हात उभे राहिले, तासभर, टोपी नाही, छत्री नाही. मला आत चटई मिळाली.

पुढचं तुम्ही ऐकलेलंच आहे. तिच्या मुलाची तक्रार गेली, विद्यापीठाची चौकशी बसली, ठपका सरांवर आला. समितीच्या इतिवृत्तात लिहिलं होतं, ‘समन्वयकांच्या सूचनेनुसार चिठ्ठ्या काढण्यात आल्या.’ समितीतले आम्ही सातहीजण चौकशीत खाली मान घालून बसलो. सरांनी सगळं स्वतःवर घेतलं. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, “माझं नाव का नाही घेतलंत?”

ते म्हणाले, “भाई, सुचवलं तुम्ही. पण दिव्याचा तक्ता माझ्या टेबलावर होता आणि सही माझी आहे.”

अध्यक्षमहाशय, आपण घड्याळ बघताय, मी आवरतो. या माणसाने तीन वर्षांत एकदाही आपली चूक दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली नाही. आमची मात्र मुकाट्याने आपल्या दारात ठेवून घेतली. त्यांना शाल आणि नारळ देऊन आपण मोकळे होणार आहोत. मला तेवढ्याने मोकळं होता येत नाही. माझ्या आधीचे वक्ते छान मराठीत बोलले. मी चार वाक्यं मालवणीत बोलणार आहे, कारण ती दाराशी उभ्या असलेल्यांसाठी आहेत.

बायांनो, ती चिठ्यांची अक्कल माझी. सरांची न्हय. त्यांका तुमका विचारूचा होता, मीच विचारूक दिलंय नाय. आणि तुळसामावशेक मी तिच्या खाटेकडे बसान खोटा सांगलंय.

संचिता, तू हळूहळू बोलायला शिकते आहेस, मी ऐकलंय. परवा तू तारलीचा दर पहिल्यांदा बोललीस, तोही तुझ्या जुन्या कोपऱ्यातून. खांबाजवळची जागा तुम्ही अजून रिकामी ठेवता, तेही मी रोज बर्फ उतरवताना बघतो. तिथे कधी कुणी बसायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. यापुढे त्यात मी नाही.

सर, उद्या सकाळी तुमची गाडी आहे. स्टँडवर जायचा रस्ता बाजारावरून जातो. इतके दिवस तुम्ही मागच्या गल्लीने जात होता, हे मला माहीत आहे. उद्या बाजारातून चला, मी सोबत येतो. बाया तुमच्याशी बोलतील की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. माझ्याशी बोलणार नाहीत, एवढं त्यांच्या उभं राहण्यावरून आत्ताच कळतंय.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची रीत असते, तीही पाळतो. माझ्या भाषणात काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर ते पोटात घाला.

बाकीचं घालू नका.