बायकांच्या वेळेला बासरी

—आणि मला आजी म्हणू नकोस! आजी म्हटलं की पुढे गोडगोड बोलून आपलंच खरं करायला बरं. व्यायामशाळेचा मास्तर आहेस ना, मग मास्तरासारखं सांग, दुपारी बायकांच्या तासाला गाणी का बंद केलीस? — प्रयोग केला? पाहिला की तुझा प्रयोग, मी त्यातल्याच एका सायकलवर बसले होते! पुरुषांना बसवलंस तेव्हा काय लावलंस? नुसती धडधड, खिडक्यांच्या काचा हलत होत्या. आणि आम्हाला? बासरी! का, तर बायका नाजूक. अरे, ती शिंपीणबाई पेडल मारता मारता जांभया देत होती, हँडलवर मान टाकायचीच बाकी होती. आणि वर तू सांगणार, गाण्याने पुरुषांचा जोर वाढतो, बायकांना काही फरक पडत नाही. धन्य आहे बाबा!

बरं, जोर मोजलास कसा? तर 'किती दमलात' असं विचारून. पुरुषाला — तेही बाकीच्या पुरुषांदेखत! ते बँकेतले साहेब, तोंड लालबुंद, पाय लटपटतायत, भिंतीला धरून उभे — आणि म्हणतात काय, 'छे, मजा आली!' तू खरं मानलंस. आम्ही सांगितलं जीव गेला, तेही खरं मानलंस. खरं बोलल्याची ही शिक्षा. गाणं अंगात शिरलं की ही मंडळी आरशात बघत बघत झेपत नाही एवढं वजन उचलतात, मग आठवडाभर कंबर धरून हिंडतात — त्याला म्हणायचं जोर. आणि बायका ठेक्यावर धावायला लागल्या, घरच्या कुकरपासून सासूपर्यंत सगळं विसरल्या, मोठ्याने गायला लागल्या, की त्याला म्हणायचं गोंधळ. खरं कारण हेच ना? बघ, कान लाल झाले तुझे.

मला शास्त्र सांगू नकोस. मी दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलेली बाई आहे, मला कोणी काही वाचून दाखवावं लागत नाही. — काय? गाण्याशिवाय धावून बघा? बघितलं. कालच बघितलं. धावायचा पट्टा सुरू केला — आणि गाणं नाही म्हटल्यावर ऐकू काय येणार, आपलाच श्वास. घर्र, घर्र. मध्येच अडकतो, मग पुन्हा एक. अगदी तसाच — उतरले मी खाली. — कोणासारखा म्हणजे? कोणासारखा नाही. — ह्यांच्यासारखा. शेवटी शेवटी ह्यांचा असाच लागायचा, आणि पुढचा येतोय की नाही म्हणून मी शेजारी बसून माझा रोखून धरायची. वेडेपणाच, दुसरं काय. सून म्हणते, आई, या वयात कशाला हो एवढं धावता? तिला काय सांगू? घरात टीव्ही लावला तरी मधूनमधून ऐकू येतो तो. इथे गाणं जोरात असलं आणि पाय जोरात पडले, की तेवढा वेळ येत नाही. तेवढाच वेळ.

हे तुला सांगायचं नव्हतं. — खुर्ची नको. पाणीही नको. आणि तो चेहरा आधी नीट कर. कीव करायची असेल तर ती घरी जाऊन कर मास्तर, इथे मला धडधड लावून दे.