अख्ख्या दिघ्याचा एकच ईमेल

डेटाबेसचा विषय काढलास ना, मग हे ऐकच. माझ्या धाकट्या बहिणीने, वैशालीने, दिघ्यात शिवणक्लास काढला. मी हौसेने वेबसाइट बनवून दिली. बायका त्यावर नाव आणि ईमेल टाकणार, आपण त्यांना बॅचची तारीख कळवणार. हे ईमेल ठेवायला स्वस्तातला डेटाबेस शोधण्यात माझे तीन रविवार गेले, पण सापडला जबरदस्त! वेगवेगळे पाचशे ईमेल फुकट, त्यापुढे पैसे.

वैशालीला टेन्शन. "दादा, पाचशेच्या वर गेले तर?"

"जाऊ देत की! मग आपण मोठे झालो!"

पहिल्याच दिवशी चाळीस बायकांनी फॉर्म भरला. मी ऑफिसात नाचायचाच बाकी होतो. घरी येऊन यादी उघडली, तर नावं चाळीस आणि ईमेल एकच! म्हटलं, डेटाबेस गंडला.

वैशालीने तो ईमेल वाचला आणि हसायलाच लागली. "अरे, हा आमच्या झेरॉक्सवाल्या काकांचा! इथे सगळ्यांचे फॉर्म तेच भरतात. ईमेल विचारला की सगळे त्यांचाच देतात."

मी तडक दुकानात गेलो. काका मशीनवरून मान न वळवता म्हणाले, "तुमच्या क्लासचे, नाव नोंदवल्याचे चाळीस मेल आलेत. प्रिंट काढून ठेवल्यात. कोणाच्या घरी द्यायच्या ते मला माहितीये. तारीख तेवढी बोला, वर लिहून देतो."

सोमवारी चाळीसच्या चाळीस बायका हजर, प्रत्येकीच्या हातात प्रिंट! आणि त्या फुकटच्या पाचशेतला आपला अजून एकच वापरून झालाय!