धारूरच्या घाटात न सांगितलेलं

माजा जलम घाटाच्या पायथ्याच्या वस्तीवरला, धारूर वर आन आमी खाली. बापानं त्येच केलं, आज्यानं त्येच केलं, परक्याची गाडी घाट चढाय लागली की आमची जादा बैलजोडी म्होरं जुपायची आन वर निऊन सोडायची. निजामसरकारच्या राज्यात सडक मंजी निस्ती दगडं, मंग आमच्याबिगर गाडी चढतीय कशी. मला सटवा मनतेत. मिसरूड फुटायच्या आदीपून कासरा माज्या हातात.

आता गाडी चढती हळू, मानूस बोलल्याबिगर ऱ्हात न्हाई, आन वर जानारा समदा नवखा, कुनी नोकरीवर, कुनी दुकान टाकायला. त्ये इचारायचे, मी सांगायचो. काय सांगू तुमाला, धारूरात कसं ऱ्हावं ह्ये माज्याइतकं कुनाला ठावं नव्हतं. किल्ल्याच्या अंगाला खोली घिऊ नका, थंडीत वारं हाडात शिरतं. बाजारात इंग्रजाचा कलदार दावू नका, निजामाचा हाली शिक्का काढा, न्हाईतर परका मनून वळकतेत आन भाव वाढवतेत. मुक्कामाच्या सराईत भितीला लागून निजू नका, ढेकनं लई. सीताफळं इकत घेनारा येडा, डोंगरात जावा आन तोडा. चावडीवरल्या जमादाराला पयला सलाम तुमी करा, मंग वर्सभर तरास न्हाई. आन पानी. गावातल्या आडाचं मचूळ हाय, निम्म्या घाटात झिरा हाय त्येचं प्या, डाळ झटक्यानं शिजती, पोट हलकं ऱ्हातं. झिऱ्याचं मी समद्यात आदी सांगायचो. लोक घागरी भरून न्यायचे.

एका साली पटकी आली, जुलाब-उलट्यांची साथ. घराघरातून मानूस उचललं. माजा थोरला भाऊ सकाळी बैलाला वैरन टाकत व्हता, दिस मावळायच्या आत गेला. मंग वस्तीनं मरीआयचा गाडा केला, लाकडाचा, लहानगा, त्यात हिरवं लुगडं, बांगड्या, निवद ठिवला आन शिवंवर निऊन सोडला. आमची शिव त्या झिऱ्यापाशीच. गाडा वढनाऱ्यात मी व्हतो. सोडल्यावर तितंच आंगुळ करायची, अंगावरली धडुती पान्यात बुडवून तितंच टाकायची, मागं वळून बघायचं न्हाई, आन आठ दिस गाडा कुटं सोडला त्ये तोंडातून काढायचं न्हाई. काढलं तर मरीआय साथ घिऊन बोलनाऱ्याच्या घरी माघारी येती. आमी त्ये मानत व्हतो, खोटं कावून बोलू. माज्या घरात अंगावर पिनारी लेक व्हती.

तिसऱ्या दिशी मास्तर आला. धारूरच्या शाळंवर नेमनूक झालती, संगं बायको. तरना, पैठनकडला, लई मऊ बोलायचा, मला सटवाजी मनायचा, मला तसं कुनी मनत नव्हतं. पायथ्यापून त्येनं इचारायला सुरवात केली, खोली कुटं घ्यावी, दूध कुनाकडचं, जळन कुटं भेटंल. मी समदं सांगत गेलो. पान्याचं तेवढं सांगितलं न्हाई. पर खालच्या मुक्कामावर त्येला कुनी तरी सांगितलं व्हतं, घाटात सटव्याचा झिरा हाय, त्येचं पानी पिल्याबिगर म्होरं जाऊ नका. सटव्याचा झिरा मनाय लागले व्हते लोक. माज्याच बोलन्यानं झालेलं त्ये.

झिरा आला तवा मी बैलं थांबवलीच न्हाईत. मनलो, ऊन चढाय लागलंय, वर गेल्यावर पानी बघू. बायको मनली, घसा कोरडा पडलाय हो. मास्तरानं तांब्या घेतला आन चालत्या गाडीतून उतरला, मंग थांबावंच लागलं. गाडा झुडपाआड व्हता, दिसत नव्हता, धडुती तेवढी पान्याच्या कडंला चिखलात गेलेली. मनलो, मास्तर, ऱ्हाऊ द्या. त्यो मनला, का हो, काय झालं. मी तोंड उघडलं आन मला माजी लेक दिसली. मनलो, काई न्हाई, प्या.

त्यो पोटभर पिला. बायकोला तांब्या भरून दिला.

दोन दिसांनी वरून आलेल्या गाडीवानानं सांगितलं, नवा मास्तर गेला. बायको बी पडली व्हती, पर ती उठली. महिन्यानं तिला घाट उतरायचा व्हता, गेलेल्या भावाची गाडी तवा मी हाकत व्हतो, आन तिला तीच भेटली. बारीक झालती लई, कपाळ मोकळं. पायथ्याला उतरली, मंग माज्याकडं बघून मनली, सटवाजी, तुम्हाला ठाऊक होतं का?

मी मनलो, न्हाई बाई.

तिनं मान हालवली. मनली, मग तुमचा काय दोष. आन दुसऱ्या गाडीत बसून गेली.

माजी लेक जगली, तिला तिची लेकरं हायेत. आता सरकारी डाक्टर येतो, मनतो पटकी पान्यातून येती, तुमची मरीआय कुनाच्या घरी माघारी येत न्हाई. बाकीचे हासतेत त्येला. मी हासत न्हाई. मंजी मी बोललो आसतो तरी माज्या लेकीला काईच झालं नसतं, आसं सांगून गेला त्यो, आन त्येला ठावं बी न्हाई की त्येनं मला काय सांगितलं.

आता गुडघे गेले, बैलं इकली. सडकंच्या कडंला बसून ऱ्हातो. तुमी येवढ्या लांबून आलाव, बसून ऐकलंव, देव तुमचं भलं करो. त्या बाईला वाचता येत व्हतं. कुटं आसंल, आसंल का नसंल, मला म्हाईत न्हाई. तरी लिवा, की सटव्याला ठावं व्हतं.